नाकाशी, कोपऱ्यात

५ जानेवारी, सोमवार
पनवेलची चक्कर फुकट! बाबांच्या डाव्या डोळ्याचं प्रेशर उतरायलाच तयार नाही. उजवा काचबिंदूने आधीच नेला, उरला हा एक. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थेंब नीट पडत असतील तर एवढं राहायला नको. महिनाभर बघू, नाहीतर ऑपरेशन." रिक्षात नवरा, केतन, माझ्याकडे वळून — "किशोरी, टाकतेस ना गं रोज?"

टाकते रे बाबा! तू जासईच्या यार्डात कंटेनरमागे धावणार, घरी सासऱ्यांच्या डोळ्याशी झटतं कोण? डोकंच फिरलं माझं.

६ जानेवारी
झोप नाही. इथे खरं लिहिते — टाकते, पण लांबून. सासऱ्यांच्या तोंडाला सुनेने हात लावायचा कसा? मी वाकले की तेही संकोचून डोळे मिटतात. निम्मं औषध गालावर. लग्नाला सात वर्षं झाली, अजून त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. "ऐक गं" एवढंच.

८ जानेवारी
पकडलं! थेंब टाकून वळते तर बाबा मोरीत. डोळ्यावर सपासप पाणी, वर चूळ! म्हटलं, "अहो बाबा, हे काय?" तर उलट माझ्यावरच — "डोल्यान टाकतेस नी घसा कडू व्हतो! कसला औषध हाय ह्यो? मिठागरान डोल्यान काय गेला का आमी पानीच मारायचो."

हसू की रडू!

९ जानेवारी
डॉक्टरबाईंना फोन. थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात जातो, तिथून घशात, म्हणून कडू. डोळ्यात राहतं काय मग? खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकाशी कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. पाणी अजिबात नाही. डोळ्यात बसवायचे बारीक दाणेही निघालेत म्हणे, हळूहळू औषध सोडणारे. "पण आधी बोट वापरून बघा."

कोणाचं बोट? बाबांचा हात कापतो. म्हणजे माझंच!

१० जानेवारी
दाबलं. बाबा श्वास धरून, मी कॅलेंडरकडे बघत. शेवटी तेच पुटपुटले, "आज कडू नाय लागला."

२ फेब्रुवारी
प्रेशर उतरलं! ऑपरेशन नाही! दवाखान्याच्या बाकावरच ढसाढसा रडले मी. बाबांचा कापरा हात पुढे आला, बोट माझ्या नाकाशी टेकलं.

"किशोरे, कोपरा दाब. नायतर घशान कडू उतरंल."