उजवीकडचं बाक

क्रॅगडेन, शनिवार संध्याकाळ

ती. टाबिथाताईस धाकट्या हिरमचा नमस्कार. (उभ्याउभ्याच केलाय. गुडघे टेकणं आपल्या चॅपलात चालत नाही.) तुझी कंबर कशी आहे? समुद्राच्या दमट हवेत ती जास्त धरते, हे मी तुला लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं, पण तेव्हा माझं कोण ऐकणार. भावोजींचा खोकला उतरला असेल अशी आशा करतो. उतरला नसला तर कांद्याचा रस पाजत राहा आणि मला मात्र कळवू नकोस, मला उगाच काळजी लागते.

तू रागावली असशील. माझ्यासाठी माडीवरची खोली झाडूनपुसून ठेवलीस, स्टेशनावर हातगाडी घेऊन माणूस उभा केलास, आणि गाडीतून उतरलं कोण, तर कुणीच नाही. ताई, यात माझा दोष नाही, सगळा दोष सेथ बॅराक्लफच्या मोटारीचा आहे. दुकान आवरून कायमचं तुझ्याकडे यायचं, हे माझं ठरलेलं होतं. बुटांच्या दुकानावर कुलूप लावलं, हत्यारं आणि लोखंडी साचे पेटीत भरले, मांजर शेजारी देऊन टाकलं. (ते पेटी बांधून व्हायच्या आत परत आलं.) पन्नाशीला आलेल्या एकट्या माणसाने बहिणीच्या सावलीत राहावं, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. इथे माझ्यावाचून अडलंय कुणाचं? गिऱ्हाईक येतं, लाकडी तळाला नाल ठोकून घेतं, पाऊस फार पडतो म्हणतं आणि जातं. एक मिसेस हॉर्सफॉल तेवढ्या वारंवार येतात. (लेटी हॉर्सफॉल, बाजारात मटण भरलेल्या कचोऱ्या विकते ती विधवा बाई. चर्चवाली आहे, म्हणजे आपल्या चॅपलच्या नव्हे, दुसऱ्या पंथाची, पण स्वभावाने बरी.) तिचे नाल पंधरा दिवसही टिकत नाहीत. मी तिला कितीदा म्हटलं, बाई, तुमच्या चालीत काहीतरी खोट आहे, कारण नाल तर कुठेच झिजलेले दिसत नाहीत, नुसते उपटून निघालेले असतात. ती हसते आणि ठोका म्हणते. मी ठोकतो.

असो. मोटारीचं सांगत होतो. सेथ म्हणजे आपला तोच, घोड्याच्या गाडीतून सामान नेणारा. त्याची घोडी डचेस म्हातारी झाली तेव्हा त्याने ही मोटार आणली आणि तिचंही नाव डचेसच ठेवलं. आठवडाभर ती कोळसा वाहते. शनिवारी सकाळी चार जण मिळून कोळशाची पेटी उचलून खाली ठेवतात आणि त्या जागी बाकं असलेला सांगाडा चढवून बोल्ट आवळतात, की झाली बस. बोल्ट कोण आवळतं, किती आवळतं, हे मी विचारत नाही, विचारलं तर मला बसवणार नाही. स्टेशन खाली दरीत, गाव वर माथ्यावर, त्यामुळे येताना सगळ्यांनी उतरून ढकलायचं आणि जाताना सगळ्यांनी बसून प्रार्थना करायची, अशी रीत पडली आहे. सेथ अजून ब्रेक ओढताना ‘हो, हो, थांब गं माझे बाई’ म्हणतो. घोडी ऐकायची. ही ऐकत नाही.

पण खरा घोळ बाकांचा. दोन लांब बाकं समोरासमोर. पहिल्या शनिवारी चॅपलवाले आधी चढले ते डावीकडे बसले, मागून चर्चवाले आले ते उजवीकडे बसले, आणि तेव्हापासून ते जणू दगडावर कोरलं गेलं. नियम कुणी केला नाही, पण मोडायची हिंमत कुणाची नाही. मागे एक फिरता विक्रेता चुकून भलत्याच बाकावर बसला, तर दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे असं पाहिलं गेलं की बिचारा अर्ध्या वाटेत उतरून चालत गेला. आता आपले चॅपलवाले संख्येने जास्त आणि अंगानेही भरलेले. (आपल्या चहापार्ट्यांना दुसरं काही असतंच कुठे, केकच केक.) त्यामुळे डचेस कायम डावीकडे कलून चालते. सेथ उजवीकडे बटाट्याची पोती ठेवून भागवतो.

आज नेमकं चर्चच्या धर्मगुरूंच्या मुलीचं लग्न. चर्चवाले सगळे तिकडे. आणि नेमकी आजच आपल्या चॅपलची मंडळी खालच्या गावच्या चॅपलाकडे चहाला निघालेली, टोप्या आणि केकांच्या टोपल्यांसकट. डावं बाक असं गच्च भरलं की मला दाराशी पेटी मांडीवर घेऊन अर्धा लटकत बसावं लागलं. उजव्या बाकावर एकटी लेटी हॉर्सफॉल. लग्नाच्या जेवणाला तिच्या कचोऱ्या सकाळीच पोचल्या होत्या म्हणे, पण ती स्वतः लग्नाला का गेली नाही, आणि रिकाम्या हाताने स्टेशनाकडे कशाला निघाली, ते मला कळेना. तिने माझ्या पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, कायमचे चाललात? मी हो म्हटलं. मग ती खिडकीबाहेर बघत बसली. बटाट्याची पोती सेथने ठेवलीच नव्हती, लग्नाला गेलेली.

पुलाच्या अलीकडे उतारावर उजवीकडे वळण आहे ना, तिथे व्हायचं तेच झालं. सगळा भार डावीकडे गेला, डावं मागचं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरलं, आणि उजवं चाक उचललं गेलं ते हवेतच फिरत राहिलं. खाली ओढा. ताई, मला ओढ्यातले दगड एकेक दिसत होते. आणि पहिला विचार काय आला माहीत आहे, तर दुकानाची किल्ली खिशात आहे आणि ती गंजेल. सेथ ब्रेकला लोंबकळून म्हणाला, कुणीतरी हळूच पलीकडच्या बाकावर जा. कुणी हललं नाही. वीस माणसं ओढ्याकडे बघतायत, मग रिकाम्या बाकाकडे बघतायत, आणि खरं सांगतो, त्यांना ओढा बरा वाटत होता. आपल्या चॅपलचे कारभारी एफ्रेम सटक्लिफ यांनी घसा साफ करून सुचवलं की आधी एक भजन म्हणून पाहावं. आणि म्हणायला लागलेही. त्यांच्या खर्जाने गाडी आणखी वीतभर कलली.

तेव्हा लेटी माझ्याकडे बघून बोलली. मोठ्याने नाही, माझ्या दुकानात बोलते तशीच.

“मिस्टर ओल्ड्रॉइड, इकडे बसा. बाक चावत नाही.”

मी उठलो. कसा उठलो ते मला विचारू नकोस. साच्यांनी भरलेली पेटी छातीशी धरून, एकेक पाऊल टाकत, वीस चॅपलवाल्यांच्या डोळ्यांदेखत मी पलीकडे गेलो आणि तिच्या शेजारी बसलो. डचेसने एक उसासा टाकला आणि उजवं चाक जमिनीला टेकलं. सेथने गाडी हळूहळू रस्त्यावर घेतली. कुणीतरी रडलं. कुणाचा तरी केक एफ्रेमसाहेबांच्या टोपीत पडला होता, तो सगळ्यांनी गुपचूप खाल्ला.

मग एफ्रेमसाहेब मला म्हणाले, “हिरम, चाक टेकलं. आता ये परत आपल्या जागी.”

ताई, जन्मभर मी त्या माणसाला नाही म्हटलेलं नाही. मी म्हणालो, “इथे बरं आहे.” एवढंच.

तर अशा रीतीने मोटारीमुळे माझी आगगाडी चुकली. बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
हिरम

ता. क. आगगाडी चुकली हे अगदीच खरं नाही. आम्ही पोचलो तेव्हा ती फलाटावर उभी होती. हमालाने पेटीला हातही लावला. मी त्याला म्हटलं, राहू दे. लेटीला स्टेशनात काहीच काम नव्हतं. ती तशीच माझ्याबरोबर परत निघाली, आणि चढावर आम्ही दोघांनी शेजारी शेजारी डचेसला ढकललं. तिच्या चालीत मला काहीही खोट दिसली नाही.

ता. क. दुसरा (बुधवार). पत्र टाकायचं राहून गेलं. चॅपलवाले माझ्याशी बोलत नाहीत, पण नीट विचार केला तर तसं ते कधीच बोलत नव्हते. माझी खरी काळजी वेगळी आहे. येता शनिवार पुढे आहे, आणि चर्चवाले सगळे परतलेत. उजवं बाक भरणार. डावीकडे मला कुणी घेणार नाही. उजवीकडे मी कुणाच्या हक्काने बसू? गाडी तर आता कलणार नाही. रात्री डोळ्याला डोळा नाही. लेटीला विचारावं म्हणून दोनदा तिच्या दुकानापर्यंत गेलो, दोन्ही वेळा कचोरी घेऊन परत आलो. मांजर खूश आहे.

ता. क. तिसरा (शनिवार). ताई, आईची लग्नातली गोधडी तुझ्या पेटाऱ्यात आहे. हिरमला काय करायचीय म्हणून तू ठेवून घेतली होतीस, ते तेव्हा बरोबरच होतं. ती पाठव. आज सकाळी मी मोटारीत चढलो तेव्हा उजवं बाक खच्चून भरलेलं, दोन चर्चवाले तर उभे होते. लेटीच्या शेजारच्या जागेवर तिची टोपली ठेवलेली होती. अंडी आहेत, हलवता येणार नाही, असं ती सगळ्यांना सांगत होती. मला पाहिलं आणि तिने टोपली उचलून मांडीवर घेतली. टोपली रिकामी होती.

गोधडी आगगाडीने पाठव आणि स्टेशनावरच ठेवायला सांग. मी चालत जाऊन आणीन. डचेसवर माझा अजून विश्वास नाही.