आत्याच्या सहीची चिठ्ठी

ता. १४, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. खोकला गेला, चपलाही गेल्या. ‘एका जागी बूड टेकव’ म्हणून तू मला आत्याकडे धाडलंस, तर टेकवलं. तीन आठवडे!

आत्या मला चादरीची घडीसुद्धा घालू द्यायची नाही. “राहू दे रे भटक्या, तुझी घडी म्हणजे बोचकं.” लढाईत ती पॅराशूट बांधायची ना! शेडमध्ये लांबलचक टेबल, समोरासमोर दोघी, आणि प्रत्येक पॅराशूटच्या खिशात बांधणारीच्या सहीची चिठ्ठी. इथल्या बसवाल्याची एक गंमत सांगायची होती, पण राहू दे.

तसली एक चिठ्ठी तिने जन्मभर डब्यात जपली. तिची सही, त्यावर लाल रेघ, मागे एका सैनिकाचं नाव आणि पत्ता. लाल रेघेची चिठ्ठी परत आली म्हणजे माणूस गेला, पॅराशूट उघडलं नाही, असं शेडमधल्या बायका धरून चालायच्या. वर विचारायची सोय नव्हती. आत्याने लग्न का केलं नाही ते आत्ता कळलं. आपण उगाच तिला शिष्ट म्हणायचो.

“त्याच्या घरी ने मला एकदा. माफी मागून येते.”

“उद्या जाऊ, आत्या.”

असं किती वेळा म्हणालो देव जाणे. कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीवाला आहे, भारी बोलतो, त्याच्याकडेच दिवस जायचा.

ताई, आत्या गेली. सोमवारी सकाळी. मी सायकलवाल्याकडे होतो. तिचे डोळे शेजारणीने मिटले. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, हात वळेना.

काल चिठ्ठी घेऊन एकटाच गेलो. त्या सैनिकाची बहीण आहे, पार थकलेली. चष्मा लावून तिने चिठ्ठी दोनदा वाचली. उडी मारल्यावर पॅराशूट उघडलं नाही म्हणून आत्याला माफी मागायची होती, असं मी सांगितलं.

“उडी? त्याने उडी मारलीच कुठे! गोळी विमानातच लागली. विमान परत आलं, हा जागेवरच गेलेला. पॅराशूट पाठीवर जसंच्या तसं, एक दोरी सुटली नव्हती.”

तिने पाणी दिलं. मग म्हणाली, “अरे, त्यांना घेऊन यायचं होतंस ना.”

दोन तासांचा रस्ता आहे, ताई. दोनच तास.

ओरडायचं असेल तर ये. मी कुठे जात नाही.

तुझा,
धाकटा