खांबावरचा खंड्या

शुक्रवार, ७ फेब्रुवारी १९९२

रविवारी खनिजाच्या ट्रकला सुट्टी, पण मला नाही! खाणीच्या कचेरीतल्या अकरा जणांना मिनीबसने चोडणच्या अभयारण्यात न्यायचंय. कशाला? पक्षी बघायला. आमच्या सुर्ल्यात काय पक्षी नाहीत? बायको हसली — तुम्हीपण बघा की जरा, म्हणाली.

रविवार, ९

काय दिवस होता!

गटाच्या म्होरक्या कमलाक्षी बाई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मलाही होडीत ओढलं. सगळे नुसत्या डोळ्यांनीच 'तो खंड्या, तो करकोचा' करत होते. मला खारफुटीत नुसता हिरवा चिखल दिसत होता. म्हटलं, एकाने थाप मारली की बाकीचे मान डोलावतात!

मग बाईंनी दुर्बीण दिली. मधलं चाक फिरवलं आणि — खंड्या! बांधाच्या खांबावर. लाल चोच, तिच्यात तडफडणारा मासा. मागच्या झाडाचं पानन् पान सुटं. मी दुर्बीण सोडीना. बाईंना म्हटलं, यातून पानंसुद्धा मोजता येतात.

"पानां तशींच दिसतात रे सगळ्यांक," त्या म्हणाल्या.

दुर्बीण खाली केली. खंड्या नाही. खांबही नाही.

येताना वीसच्या वेगाने आलो. मागून टिंगल चालली होती. मी घाबरलो होतो, सरळ लिहितो. अकरा माणसं मागे बसलेली.

सोमवार, १०

शेजारच्या कौलांवर कावळा की मडकं? एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. शेवटी जवळ गेलो. चप्पल होती.

बुधवार, १२

मंगेशला सांगितलं. खाणीच्या रस्त्यावर त्याचा ट्रक कायम माझ्या मागे असतो. परवान्याच्या वेळी डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं त्यानेच मला पाठ करायला लावली होती. "सगळेच तसा करतत," म्हणाला. आता डॉक्टरकडे गेलास तर गाडी हातातून जाईल, हेही म्हणाला. खरं आहे. गेली तर करू काय? दोडामार्गला जाऊन भावाच्या काजू राखू?

पण एक किडा डोक्यात वळवळतोय — इतकी वर्षं काय काय बघायचं राहिलं असेल?

शुक्रवार, १४

मंगेशबरोबर डिचोलीला गेलो. काही पाठ न करता डॉक्टरसमोर बसलो. वरचं मोठं अक्षर सोडलं तर एकही ओळ वाचता आली नाही. डॉक्टरांनी भिंगं लावून खिडकीबाहेर बघायला सांगितलं. रस्त्यापलीकडे भांड्यांचं दुकान, वर हातभर अक्षरांची पाटी. लख्ख! चष्मा आठ दिवसांनी येईल. तोवर गाडी बंद. उद्या कचेरीत खरं काय ते सांगणार.

मंगेश खाली वाट बघत होता. सहज म्हटलं, समोरची पाटी वाच बघू. त्याने डोळे बारीक करून रस्त्यापलीकडे इकडेतिकडे शोधलं.

"खंयची पाटी?"

आम्ही त्याच्याच ट्रकमधून आलो होतो.