हॉर्नचा फ्यूज

आबा, तुमची गाडी काल पुन्हा तापली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात ती अजून तुमचीच. धाकट्यानं मात्र बजावलं होतं, "ताई, अवंदा तापली की भंगारात घालायची. मी ऐकणार न्हाय." आईचा चेहरा उतरला. भाऊबीजेला इंदापूरला मामाकडं ती याच गाडीनं जाते, मागच्या सीटवर बसून. तुम्ही गेल्यापासून ती पुढं कधी बसलीच नाही.

काल बारामतीहून निघालो तेव्हा तापमानाचा काटा शहाण्यासारखा मध्यावर होता. अंथुर्ण्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो आणि तो चढायला लागला. रस्ता मोकळा मिळाला की उतरे, पुन्हा ट्रॉलीमागं आलो की चढे. तुम्ही शेजारी बसून शिकवायचात: पळताना वारा लागतो म्हणून गार राहते, हळू चालताना तापली तर आधी फॅन बघ. मी काचा खाली केल्या आणि हिटर पूर्ण सोडला. भर मे महिन्यात भिगवणच्या रस्त्यावर तुम्ही असाच हिटर लावला होतात. आम्ही घामानं निथळतोय आणि आई म्हणतेय, "आवो, मासं भाजायला निघालाय का आमाला?" हिटर इंजिनाची उष्णता ओढून घेतो, हे तुम्ही नंतर समजावलंत. काल आई मागं नुसती पदरानं वारा घेत होती.

बाभळीखाली गाडी उभी करून चावी काढली. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. पहिल्यांदा लावायला गेले तेव्हा तुम्ही मनगटावर फटका दिला होतात, "हात उकडून घ्यायचाय व्हय? थंड हुं दे आदी!" पुरतं गार झाल्यावर वाकून बघते तर फॅनच्या आसाला झेंडूच्या हाराचा दोरा गच्च गुंडाळलेला, त्यात चुरगळलेल्या पाकळ्या. विहिरीवरच्या मोटरीला वाहायचात तसं तुम्ही बोनेट उघडून इंजिनाला एकच फूल वाहायचात. यंदा लक्ष्मीपूजनाला आईनं मायेच्या भरात आत अख्खा हारच घातला होता.

तिच्या चंचीतला अडकित्ता मागून घेतला आणि दोरा तोडला. पाती बोटानं मोकळी फिरली, पण फॅन चालेना. अडकून फ्यूज जळला होता. हॉर्नचा फ्यूज तेवढ्याच ताकदीचा, तो काढून लावला, गाडी चालू केली आणि काट्याकडं बघत बसले. काटा चढला आणि फॅन घरघरला. आबा, त्या आवाजानं मला इतका आनंद झाला की मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. "काय अडाकलं हुतं गं?" आईनं विचारलं. मी म्हटलं, "उसाचं पाचट."

पुढं पुन्हा ट्रॉली आडवी उभी. "आई, हॉर्न बंद आहे," मी म्हटलं. तशी ती मागून उतरली, पदर खोचून पुढच्या सीटवर येऊन बसली आणि खिडकीतून डोकं काढून ओरडली, "ए बाबा, सरक की जरा! भाऊ वाट बघतोय माझा!" ट्रॉलीवाला हसत बाजूला झाला. मग इंदापूरपर्यंत आमचा हॉर्न तीच. मामाच्या दारात उतरताना हळूच म्हणाली, "फुडच्या वर्साला एकच फूल वाहू बाई."

धाकट्याला सांगितलं, दोरा अडकला होता, गाडीत खोट नाही. तो हसला, भंगाराचं नाव काढलं नाही.

हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवणार? आज बाजारातून नवा फ्यूज आणलाय, तोही तिथंच आहे, पुडीतच. बसवायचा म्हटलं तर काहीच वेळ लागणार नाही. पण आज भाजीला निघालो तेव्हा आई आपणहून पुढं बसली. एवढ्यात काही मी तो बसवत नाही.