चिंधीत बांधलेल्या गोळ्या

सोमवार, ७ एप्रिल
गहू घरी आला. कोठ्या भरल्या, उरलेली पोती मधल्या खोलीत. तिथे सासूबाई आणि चिऊ झोपतात. मनोजला म्हटलं, पोरीच्या उशाशी कशाला? "मंग काय गच्चीवर ठेवू?" नवरा ऐकेल तर शपथ!
शाळेत ७वीला पदार्थाच्या अवस्था शिकवल्या. कोपऱ्यात उदबत्ती लावली, वास आला की हात वर. पुढच्या बाकापासून मागपर्यंत हात वर होत गेले. वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो. पोरांना पटलं. मी खूश.

मंगळवार, ८
सासूबाईंनी पोत्यांत किडीच्या गोळ्या टाकल्या. म्हटलं विषारी असतात, चिऊ हात लावेल.
"चिंधीत बांधून पार आत खुपसल्या मी. कोन खाते त्याइले?"
ते खरंच. उकाडा फार, दार-खिडक्या लावून कूलर आतच चालू.

बुधवार, ९
मधल्या खोलीत लसणासारखा वास. लसूण तर आज सोललाच नाही. सासूबाई म्हणे, "उंदीर मेला असन." शोधला, नाही सापडला.
चिऊचं डोकं दुखतंय, जेवली नाही. ऊन लागलं असेल. पन्हं दिलं. उगाच धाकधूक होतेय.

गुरुवार, १०
चिऊला पहाटेपासून उलट्या. सासूबाईंनाही मळमळ. मनोज म्हणे टरबूज बाधलं. पण टरबूज चौघांनी खाल्लं, आणि आजारी त्या खोलीतल्या दोघीच.
वरच्या पोत्यातली चिंधी ओढून काढली. आत गोळी नव्हती. राखाडी भुकटी तेवढी. कापूर असता तर नुसता उडून गेला असता, मागे भुकटी उरली नसती. ही गोळी दमट हवेत विषारी वायू सोडते. बंद खोली, कूलरची ओल, आणि लेकरू रात्रभर तेच ओढत होतं. चिऊला उचलून अंगणात पळाले, सासूबाईंना ओरडून बाहेर बोलावलं. शेजारच्यांच्या जीपमधून चिखलीच्या दवाखान्यात.

शुक्रवार, ११. दवाखाना.
सासूबाई बऱ्या. चिऊचं नाही सांगता येत. डॉक्टर म्हणाले, यावर उतारा नाही, हृदयावर लक्ष ठेवायचं. मनोज व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा.
सासूबाई सलाईनसकट तिच्या पलंगाशी आल्या. "चिंधी पक्की बांधली व्हती वं मी." चिडायचं होतं, जमलं नाही. जवळ बसवलं.

शनिवार, १२
रात्री ठोके चुकत होते. सकाळी चिऊनं बिस्कीट मागितलं, दोन घास खाल्ले, परत झोपली. ती झोपली की मला धडकी भरते. हलवून उठवते. नर्स रागावली, "झोपू द्या न ताई पोरीले."
आता उठवत नाही. तिच्या छातीवर उजवा हात ठेवून बसलेय. डाव्या हातानं लिहितेय, अक्षर कसंही येतंय. ठोका लागतोय. मध्येच लागत नाही. मग
लागला.