न्हेलं, आनलं, येतो

३ नोव्हें., सोमवार
...त्या सकाळी दूध गॅसवर होतं, मी ओटा पुसत होते, तांदूळ निवडायचे राहिले होते. आतून हे ओरडले, "पुस्तक घेऊन गेलं की बटणावर काय लिहू?" म्हटलं, "न्हेलं." "आणि परत दिलं की?" "आनलं." तसंच लिहिलं. तोवर दूध उतू गेलं. बाकी त्या दिवसात आठवण्यासारखं काही नाही.

आज आठवलं कारण वाचनालयाच्या कंप्युटरमध्ये कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरसचा किडा शिरला. आठवड्याच्या नोंदी गेल्या. आमच्या घोटावडे गावची सगळी पुस्तकं, सगळे वाचक ह्यांच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता, पुस्तक वाचून वाचून बनवला होता. हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून वाचनालय मी बघते, आपली बटणं दाबत आले.

५ नोव्हें.
वरच्या खोलीतली भाडेकरू रश्मी बघून गेली. जबलपूरची, हिंजवडीत नोकरी. म्हणाली, "काकी, मशीन बूढी झाली. ह्या विंडोजला अपडेट बंद, नवीन विंडोज हिच्यात बसणार नाय. लिनक्स टाकू. फुकट आहे, हलकं आहे." पण ह्यांचा प्रोग्रॅम लिनक्सवर तसाच चालत नाही. वाइन नावाचं काहीतरी घालून चालवता येतो म्हणे.

धाकटे दीर, नामदेव भाऊजी, भात झोडून आले होते, अंगभर भूस. ते म्हणाले, "वाचनालयात वाइन? दादाला चहाबिगर कंदी काय चाललं न्हाई, आन् तुमी त्याच्या मशीनला पाजताय व्हय?"
रश्मीला काही कळलं नाही. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

८ नोव्हें.
जुनं विंडोज एका बाजूला ठेवून लिनक्स टाकलं. वाइनमध्ये प्रोग्रॅम उघडतो, पण यादी छापायला गेलं की मिटतो. तीनदा झालं. नाद सोडला.

म्हणजे नवा लिहायचा. पायथन मी वर्षभर थोडं थोडं शिकते आहे, पुस्तकावरूनच. शाळा सातवीपर्यंत, पुढचं जे काही आलं ते ह्या वाचनालयात बसून. खिडक्या-बटणं करायचं तयार सामान मिळतं, त्याला टूलकिट म्हणतात. रश्मीने तीन सांगितली. जीटीके, पण ते तिने स्वतः कधी केलेलं नाही. क्यूटी, त्याला "क्यूट" म्हणायचं असतं. तिचं रोजचं काम त्यातच. त्याचं एक पान समजायला मला दोन दिवस लागतील. तिसरं टीके. थोडक्यात लिहून होतं, माझ्या डोक्यात बसलं.

महिनाअखेर तिची हैदराबादला बदली आहे. त्यानंतर बिघडलं तर मीच. म्हणून टीके.

१३ नोव्हें.
रश्मीने जुना पडदा बघून नवा मांडून दिला. बटणं जागच्या जागी. "न्हेलं"मधला न सुटा पडलाय, लंगडा दिसतो. चालेल.
काम संपल्यावर "येतो" दाबलं, तर विचारायला लागला, कुठली फाईल आत घेऊ? पुन्हा दाबलं. तेच.
रश्मीला खाली बोलावलं. "येतो मतलब आता है ना? डेटा आत येतो. इम्पोर्ट."
"अगं, ते बंद करायचं बटण आहे. निघताना माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो."
"जाते हुए बोलते हो कि आता हूँ?"
"हो."
"और कंप्युटर पण?"
"ह्यांचा म्हणायचा."
तिने खुर्ची पुढे ओढली. मग दुरुस्त करून दिलं.

ह्यांना पुण्याला हलवलं तेव्हा वाचा गेलेली होती. काहीच न म्हणता गेले.

१६ नोव्हें.
जुन्या नोंदी नव्यात आणल्या. आधी सगळी नावं इंग्रजी कचरा दिसली. ह्यांचा फाँट जुन्या काळातला. रश्मीने अक्षराला अक्षर लावायचा तक्ता केला, मी शेजारी बसून ताडून पाहिलं. डोळे दुखले. पण टीकेत जोडाक्षरं सगळीच फुटलेली. वेलांटीही भलत्या बाजूला. विंडोजवर हेच टीके नीट दाखवतं म्हणे, लिनक्सवर नाही; क्यूटीत मात्र फुटत नाहीत. मी म्हटलं, राहू दे, कळतंय की. खरं म्हणजे दमले होते.

१९ नोव्हें., बुध.
द्रौपदा आली. डोंगराकडच्या कातकरी वाडीवरची, मजुरीला जाते. चित्रांची पुस्तकं नेते, नातवंडांसाठी म्हणते, पण बघते स्वतःच. तिला एकच शब्द वाचता येतो, स्वतःचं नाव. ते ह्यांनी ह्याच पडद्यावर शिकवलं. दर वेळी आली की यादीतलं नाव बोटाने शोधते, मगच पुस्तक घेते.

आज बोट वरपासून खालपर्यंत गेलं. परत वर आलं.
"मला काडून टाकलं व्हय बाय?"
मी दाखवलं. द एकीकडे, र एकीकडे.
"ह्ये मी न्हाई."
"तूच आहेस गं. अक्षरं तेवढी सुटी झालीत."
"मला येतंय ते येवढं येकच. त्ये बी मोडलं?"
पुस्तक घेतलं नाही. हातात देऊन पाहिलं, टेबलावर ठेवून गेली.

स्वयंपाक केला, जेववलं नाही.

२१ नोव्हें.
रश्मीला सांगितलं, क्यूटी.
"पक्का? मी नसणार. फोनवर किती सांगू शकते?"
"जेवढं सांगशील तेवढं."
"टीके तुम्ही स्वतः चालवलं असतं, काकी. ह्यात अडकाल."
"अडकेन."

भाऊजींचं निराळं. "वहिनी, वही घाला की. वही कंदी हँग झालेली आयकली न्हाई." बरोबर आहे त्यांचं. द्रौपदाचं नावही वहीत सरळ येईल, तेवढं मला कळतं. वही नको आहे ती मलाच. वही घातली की ह्यांचं काम संपलं.
हे त्यांना बोलले नाही.

२६ नोव्हें.
क्यूटीत नावांची यादी उघडली. जोडाक्षरं नीट. द्रौपदा नीट. रश्मीने लिहिलेल्या साठेक ओळी आहेत, त्यातल्या अकरा मला कळतात. पुस्तक द्यायचं-घ्यायचं चालतं. नवा वाचक घालायचं आणि यादी छापायचं राहिलंय. रश्मीच्या खोलीत खोकी बांधून झाली.
भाऊजींबरोबर वाडीवर निरोप धाडला, नाव नीट झालंय म्हणून. म्हणाले, ती भोर बाजूला भातकापणीला गेलीय. कधी येईल कुणाला माहीत नाही.

३० नोव्हें., रवि.
रश्मी काल दुपारी गेली. पायाला हात लावला, मी तिला तांदूळ दिला, इंद्रायणी. गाडीत बसताना म्हणाली, "काकी, माझ्या ओळी पाठ करू नका. पहिल्या धड्यापासून स्वतः लिहा." गाडी नांद्याच्या दिशेने वळेपर्यंत उभी राहिले. मग वरची खोली झाडून काढली.

आज सकाळी केर-पाणी उरकून वाचनालय उघडलं. चार जण येऊन गेले. पाचवी एक बाई आली, तिला नवीन नाव घालायचं होतं; महिनाभराने या म्हणून सांगितलं. मग क्यूटीचं पुस्तक उघडून पहिला धडा स्वतः टाइप केला. दोन चुका निघाल्या, दोन्ही माझ्याच. दुपारी एकच्या सुमारास पडद्यावर एक खिडकी उघडली. आत काही नव्हतं. तिच्यासमोर बसून डबा खाल्ला.