कंपाउंडातली वाट

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज सरळच सांगितलं. मार्चमध्ये जायचं नाही. मार्चनंतरही नाही. मिलिंदनं नेहमीचा मुद्दा काढला, की जावातल्या आपल्या गावापासून जवळच्या शहरात मोठं हॉस्पिटल आहे, डायलिसिसचं मशीन आहे, मी स्वतः बघून आलोय. त्या म्हणाल्या, मशीन असेल हो, पण तुमचं हृदय? आठवड्यातून तीनदा तो डोंगरातला रस्ता? "गेनाऊ, अगदी बरोबर," मिलिंद म्हणाला. बाहेर आल्यावर मला, "बाईंना जावा नकाशात तरी दाखवता येईल का?"

हसू आलं नाही. घरी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबला. थांबतो आणि खिडकीतल्या कुंड्या न्याहाळतो, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं माणूस झाडं बघतोय. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवायचं घर घेतलं तेव्हा आम्ही पळत चढायचो.

५ नोव्हेंबर, बुध.

लेकीचा, मैत्रीचा कोलोनहून फोन. मी मराठीत, ती जर्मनमध्ये, नेहमीप्रमाणे. "फरकाउफ्ट एस, मामा." घर विकून टाका, आई. आलेल्या पैशात डायलिसिस सेंटरजवळ तळमजल्यावर घर घ्या. जमीन तुमच्या मालकीचीसुद्धा नाही, नुसती लीज, कसली वाट बघताय?

पोरीचं बरोबर आहे. म्हणूनच राग आला.

परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही हे आम्हालाही माहीत होतं. गावातल्या वार्दींची जमीन, आमची पंचवीस वर्षांची लीज, त्यावर आमचं लाकडी घर. आयुष्यभराची शिल्लक त्या घरात गेली. मिलिंद म्हणायचा, इन्व्हेस्टमेंट आहे. कसली इन्व्हेस्टमेंट! पहिल्यांदा गेलो तेव्हा भातखाचरांच्या पलीकडे, धुक्यात बोरोबुदूरचा स्तूप दिसला आणि हा माणूस बांधावर बसून रडला. मी त्याला आई गेली तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, दीक्षाभूमीच्या वाऱ्यांत लहानपण गेलं, म्हातारपण इथे काढू. तेव्हाच कळलं, आता हा ऐकायचा नाही.

आणि मलाही नकोसं नव्हतं. ते इथे लिहून ठेवते.

९ नोव्हें., रवि.

वार्दींच्या मुलीचा, रिनीचा व्हिडिओ कॉल. ती शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं तिच्याच गळ्यात. मागे वार्दी हसत उभे. तिकडे मोठ्या माणसाला 'पाक' म्हणतात; आम्ही 'पाक वार्दी' म्हणतो आणि मिलिंद दर वेळी "साखरेचा पाक" म्हणून स्वतःच हसतो.

फणस लागलेत. व्हरांडा झाडलेला. रस्त्याच्या कडेला कुणाचं तरी भात वाळत पडलेलं. मिलिंद प्रत्येक गोष्टीला "अजून जवळून दाखव" म्हणत होता. मग म्हणाला, मागची भिंत दाखव. रिनीनं फोन वळवला आणि लगेच परत फिरवला. पण याची नजर इंजिनिअरची. कंपाउंडला मागच्या बाजूला भगदाड आहे. चांगलं माणूस जाईल एवढं.

"अतिक्रमण!" फोन ठेवल्यावर लालेलाल झाला. ब्लड प्रेशर मोजायला लागलं.

कंपाउंड हा त्याचा जीव की प्राण. घर बांधायच्या आधी कंपाउंड. आपल्याकडे प्लॉट घेतला की पहिलं काम तेच, नाहीतर शेजारी दर वर्षी वीतभर आत येतो, हे तो रिनीला आणि वार्दींना चहावर समजावून सांगत होता. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत जमिनीचा तुकडा नव्हता, मिळाला तर राखायला नको? वार्दी ऐकत होते, मान डोलवत होते. त्यांनीच गवंडी आणून दिले.

१५ नोव्हें., शनि.

विकत घेणारा आला होता. बर्लिनचा, योनास नावाचा, तिशीतला. केक घेऊन आला. मला तो आवडू नये अशी खूप इच्छा होती. पण पोहे दोनदा घेतले, बशी स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवली, मिलिंदशी मशीनबद्दल नीट बोलला. त्याच्या वडिलांचंही डायलिसिस झालं होतं.

त्याला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्यात, मागे पोहण्याचा तलाव. किंमत बरी देतोय. तळमजल्यावरचं घर त्यात आरामात बसतं. अट एकच: ते भगदाड बुजवायचं, आणि पुन्हा कोणी पाडणार नाही असं वार्दींनी लिहून द्यायचं.

मिलिंद म्हणाला, "अर्थात. माझंही तेच म्हणणं आहे."

विकायचं आहे हे त्यानं आज पहिल्यांदा मान्य केलं, तेही भिंतीच्या निमित्तानं. संध्याकाळी कपाटातून तिथली लुंगी काढून घडी घातली, परत ठेवली.

१७ नोव्हें., सोम.

मशीनला लावलेला असतानाच त्यानं रिनीला फोन लावला. मी शेजारी. भिंत कोणी पाडली?

रिनी आधी म्हणाली, पाऊस खूप झाला. मग म्हणाली, थांबा, खरं सांगते.

तिची आजी, म्हणजे वार्दींची आई, मागच्या महिन्यात गेली. आम्हाला कळवलं होतं, आम्ही फुलांचा फोटो पाठवला होता. आमच्या प्लॉटच्या मागून जुनी वाट होती. त्या वाटेनं बायका झऱ्यावर जायच्या, आणि गावचं कब्रस्तानही तिकडेच. कंपाउंड झाल्यावर गाव खाचरांना वळसा घालून जायला लागलं. म्हातारी गेली त्या दिवशी पावसानं बांध वाहून गेला होता. जनाजा न्यायला जागाच नव्हती.

"बाबा तुमच्या दारात गेले," रिनी म्हणाली. "घर बंद होतं. तरी दारात उभे राहिले आणि तुमची परवानगी मागितली. मग भिंत पाडली."

मिलिंदनं विचारलं, "कंपाउंड घालताना का नाही सांगितलं?"

रिनी म्हणाली, "तुम्ही किती खुशीत होता."

एक हात मशीनला, दुसऱ्यात फोन. मी त्याचे डोळे पुसले. नर्स म्हणाली, दुखतंय का? तो म्हणाला, नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

आज बोलला. मला ही गोष्ट माहीत होती, लग्नानंतर एकदाच सांगितली होती त्यानं. वर्ध्याजवळच्या त्याच्या गावात आजी गेली तेव्हा तो लहान होता. आपल्या लोकांची मसणवट वेगळी, आणि तिकडे जायची वाट एका मालकाच्या शेतातून. मालकानं ऐन वेळी काटेरी कुंपण घातलं. बापलेकांनी तिरडी नाल्यातल्या पाण्यातून नेली. आजीचा पदर भिजला हे त्याच्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही.

"मी जमिनीचे सगळे कागद पाहिले," म्हणाला. "नकाशा पाहिला, वकील पाहिला. माणसं कुठून चालतात ते नाही पाहिलं. मीच नाही पाहिलं, मी!"

म्हटलं, तुला माहीत नव्हतं. म्हणाला, त्या मालकालाही कोणी विचारलं असतं तर तोही असंच काहीतरी म्हणाला असता.

मला आठवतंय, कंपाउंडच्या आधी गावातल्या बायका सरळ व्हरांड्यात येऊन बसायच्या, कसाव्याचे पापड घेऊन. नंतर फाटकाशी येऊन घंटी वाजवायला लागल्या. मिलिंद म्हणायचा, बघ, किती शिस्तीचे लोक. लाज वाटते आता. दोघांची वाटते.

२३ नोव्हें., रवि.

योनासला फोन केला यानं. वाट राहील, करारात तसं लिहायचं, नाहीतर विकणार नाही.

तो अदबीनं म्हणाला, "आल्झो, म्हणजे असं आहे, कांबळेसाहेब, पाहुणे तलावात पोहतायत आणि शेजारून अंत्ययात्रा... मी ते विकू शकत नाही." त्याचंही खोटं नाही. डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबतो म्हणाला.

मैत्री ओरडली. बापाला नाही, मला. "तो जिन्यात पडेल एक दिवस! एका वाटेसाठी!" हे मात्र मराठीत म्हणाली. तिच्या तोंडून इतकं सलग मराठी मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुसरा कोणी घेणारा बघू, असं मी मिलिंदला म्हटलं. बघतोय की, म्हणाला. एकानं विचारलं, त्यालाही चारी बाजूंनी बंद हवं.

२९ नोव्हें., शनि.

पडला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. खालच्या मजल्यावरची बाई आणि मी मिळून बसवला. अँब्युलन्स. हाड मोडलं नाही, पण फुप्फुसात पाणी आहे, ठेवून घेतलंय.

आधी घाबरले. मग त्याचा इतका राग आला की पार्किंगमध्ये उभं राहून एकटीच बडबडले. तुझी तत्त्वं माझ्या डोळ्यांदेखत जिन्यावरून गडगडतात! गावाला वळसा पडतो, आणि मला? माझा वळसा कोणी मोजायचा?

४ डिसेंबर, गुरु.

फोलमाख्ट, म्हणजे मुखत्यारपत्र, माझ्याकडे आहे. बँक, दवाखाना, मालमत्ता, सगळ्यासाठी त्यानं दोन वर्षांपूर्वीच सही करून दिली होती. "मी बरळायला लागलो तर तूच ठरव." तो बरळत नाहीये. तो अगदी शुद्धीत आहे, अडचण तीच आहे.

आज डॉक्टर म्हणाले, घरी सोडू, पण त्या जिन्यावर नाही. मग कुठे? त्यांनी खांदे उडवले. सोशल वर्करशी बोला म्हणाले.

मिलिंदला न विचारता योनासला लिहिलं: विकते, भिंत बुजवून. फ्रँकफर्टच्या इंडोनेशियन वकिलातीत सहीसाठी टर्मिन, म्हणजे वेळ, मिळाली, ११ तारखेची सकाळ. मैत्रीला सांगितलं. ती रडली, दांके म्हणाली. मी कोणाचेच आभार घ्यायच्या मनःस्थितीत नाही.

वार्दींना मात्र कळवायला हवं. उद्या, उद्या करतेय.

१० डिसेंबर, बुध.

हॉस्पिटलमध्ये होते. मिलिंदला डोळा लागला होता. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन रिनीला फोन केला. सगळं सांगितलं. जिना, फुप्फुस, योनास, उद्याची सही. इंग्रजीत सांगताना वाक्यं छोटी होतात, लपायला जागा राहत नाही.

रिनीनं वडिलांना सांगितलं. वार्दी फोनसमोर आले. लाल मातीचे हात तसेच. पहिल्यांदा त्यांनी माझ्या तब्येतीचं विचारलं. मग बोलले, आणि रिनी एकेक वाक्य मला देत गेली.

"बाबा म्हणतात, भिंतीची काळजी करू नका. पाडलेल्या विटा त्यांनी व्हरांड्यात नीट रचून ठेवल्यात, एकही फुटलेली नाही. सही झाली की ते स्वतः लावतील. बाबा म्हणतात, गावाला वळशाची सवय आहे. पाक मिलिंदना बरं वाटू दे."

मी विचारलं, त्यांना राग नाही आला? रिनीनं विचारलं. वार्दी हसले, मान डोलवली.

गवंडी आणले होते त्या दिवशीही ते असेच हसले होते.

मी खूप रडले. कॉरिडॉरमध्ये एक म्हातारे गृहस्थ व्हीलचेअरवर होते, त्यांनी रुमाल पुढे केला. धुतलेला, इस्त्रीचा. परत द्यायचा राहिला.

आत गेले तर मिलिंद जागा. "कोणाशी बोलत होतीस?" म्हटलं, मैत्रीशी. "उद्या येशील ना लवकर?" म्हणाला. "वार्दींना पत्र लिहायचंय, तू लिहून घे. पहिलं वाक्य जमलंय."

मी विचारलं नाही काय ते. सूप आलं होतं, चार चमचे भरवले.

सकाळची फ्रँकफर्टची गाडी आहे. तिकीट काढलेलं आहे.